तुमचा फसलेला पाठ

बाई,

आज प्रशिक्षणात एका नव्या शिक्षिकेनं मला प्रश्न विचारला आणि मी तिला एका शब्दात खोटं उत्तर दिलं. घरी आले, भात लावला, जेवले, भांडी घासून पालथी घातली, तरी ते उत्तर पाठ सोडेना. म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली की आमगावच्या तुमच्या घरात आता दुसरंच कोणी राहतं, त्यामुळे हे पत्र टाकायला पत्ता नाही हे मला कळतं. प्रश्न खिडकीशी बसणाऱ्या, गावाबाहेरच्या टोल्यावरच्या त्या पोरीबद्दल होता, आणि तुमच्याबद्दल. काय होता ते आत्ताच सांगितलं तर तुम्ही इथंच मला खाली बसवाल. तेव्हा क्रमानं सांगते. माझ्या पाठ टाचणात कधी क्रम नसायचा, ही तुमची जुनीच तक्रार.

दरेकसाच्या पुढच्या जंगलातली ती दोनशिक्षकी शाळा तुम्हाला आठवत असेलच. गोंदिया जिल्हा तेव्हा नवा होता, शाळेच्या फलकावर अजून भंडाराच लिहिलेलं होतं, आणि मी त्या जिल्ह्याहूनही नवी होते. गोरेगावकडच्या धानाच्या बांध्यांत वाढलेली, डी.एड.ला चांगले मार्क मिळवलेली, आणि त्या मार्कांचा तोरा घेऊन आलेली शिक्षणसेवक. तुम्ही केंद्रप्रमुख, म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या शाळांतल्या मास्तरांच्या मास्तरीण. पहिल्यांदा तुम्ही आलात तेव्हा मी पदर नीट करून खुर्ची पुसून ठेवली होती. तुम्ही लुना आंब्याखाली लावली, चपला काढल्या, आणि खुर्चीकडे न बघता सरळ टाटपट्टीवर पोरांच्या ओळीत शेवटी जाऊन बसलात. तिथून फळा दिसतो का ते बघायला. दिसत नव्हता. दाराचा उजेड त्यावर पडत होता. महिनाभर मी त्या फळ्यावर झकास अक्षरात लिहीत होते आणि मागची पोरं माना हलवत होती.

त्याच दिवशी तुमची पहिली बोलणी खाल्ली. एका पोरानं पाणी मागताना गोंडीत ‘येर’ म्हटलं, बाकीची खिदळली, आणि मीही हसून म्हणाले, ‘मराठीत माग, तेव्हा देईन.’ तुम्ही उठून त्याला आधी पाणी दिलंत. मग मला व्हरांड्यात नेऊन विचारलंत, ‘तू घरी आईशी काय बोलतेस?’ मी म्हणाले, ‘पोवारी.’ ‘आणि शाळेत बोलायचीस?’ शाळेत पोवारी शब्द तोंडातून निसटला की मी जीभ चावायची, ते तुम्हाला कसं कळलं कोण जाणे. तुम्ही म्हणालात, ‘तहानेला भाषा विचारू नकोस.’ आणि आत जाऊन पोरांना पाढे विचारायला लागलात. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवसापासून त्या वर्गात गोंडीला बंदी राहिली नाही, आणि पोरांच्या तोंडून मीही मोडकीतोडकी शिकले.

तुमचं सगळं त्यावरच चालायचं. घरची भाषा, घरची भाषा. महिन्याच्या गटसंमेलनात तुम्ही तेच सांगायचात. जंगलातली पोरं गप्प बसतात म्हणजे ती ढ नव्हेत, त्यांचे शब्द अजून घरीच आहेत, धीर धरा. बाकीचे गुरुजी जांभया द्यायचे, कोणी हळूच घड्याळ बघायचा. मी मात्र एकूण एक शब्द गिळला. कदाचित म्हणूनच ते सगळं तसं झालं.

ती पोर दुसरीत होती. खिडकीशी बसायची, केसांना मोहाचं तेल, अंगात कोणा मोठ्या बहिणीचा झगा. अक्षर असं काढायची की मी फळ्यावर लिहिलेलं तिच्या पाटीवर जास्त देखणं दिसायचं. पण बोलायची नाही. नाव विचारलं तर बघत राहायची, हसायची, मग शेजारणीच्या पाटीवर बघून लिहायची. पावसाळा गेला, धानाची कापणी झाली, तोंडातून शब्द नाही. मोठे गुरुजी म्हणायचे, ‘छोडो मॅडम, टोल्यावरची आहे, गोंडीच समजते तिले.’ मीही त्याच अर्थानं पण जास्त शहाण्या शब्दांत तेच म्हणत होते. तरी मनात टोचत होतं, कारण टोल्यावरची बाकीची पोरं एव्हाना मराठीत भांडायला लागली होती. शेवटी तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला विचारलं, ‘बाई, ही काहीच बोलत नाही. काही वेगळं तर नसेल?’

तुम्ही पूर्ण तास तिच्याजवळ बसलात. तिच्या पाटीवर चित्र काढलंत, तिनं तुमच्या चित्राला शेपूट काढलं. तुम्ही तिच्याशी तुम्हाला येणारे चार गोंडी शब्द बोललात, ती हसली. उठताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, ‘थांब. घाई करू नकोस. बोलेल.’ माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. तुम्ही सांगितलंय म्हणजे झालं. मी थांबले. चांगली मन लावून थांबले. कोणी तिला हसलं तर त्याला ओरडायची, तिला कधी उभं करायची नाही, प्रश्न विचारायची नाही. मला वाटत होतं मी फार मोठं काम करते आहे.

मोहाच्या दिवसांत शाळा रिकामी होते हे तुम्हाला काय सांगायचं. पहाटे फुलं पडतात आणि सगळं घर टोपल्या घेऊन झाडाखाली. परीक्षा जवळ आलेली, म्हणून मी एका सकाळी पोरांना आणायला टोल्यापलीकडच्या मोहांमध्ये गेले. सगळीकडे हाका चालल्या होत्या. ही आई त्या पोराला हाका मारते, तो आजा कुत्र्याला शिव्या देतो, जंगल नुसतं गाजत होतं. आपली पोर एका झाडाखाली पाठमोरी वाकून वेचत होती. तिच्या आईला तिला बोलवायचं होतं. तिनं हाक मारली नाही. एक फूल उचललं आणि नेम धरून पोरीच्या पाठीवर मारलं. पोर वळली.

मी तिथंच उभी राहिले. विचारलं, ‘हाक काऊन नाही मारत तिले?’

आई म्हणाली, ‘आयकू कोठी येते जी? कान वाहतात तिचे, लहान होती तवापासून. लय जोरात बोललं त थोडं आयकते.’

‘मग घरी बोलते कशी?’

‘घरी बी नाई बोलत. हातानं सांगते.’ मग ती माझ्याकडे बघून जरा लाजत म्हणाली, ‘आमाले वाटलं, शाळेत बोलत असन.’

बाई, त्या वाक्यानंतर मी पोरांना न घेताच परत फिरले. आम्ही म्हणत होतो, घरी बोलत असेल. घरचे म्हणत होते, शाळेत बोलत असेल. आणि मधल्या वाटेवर ती पोर रोज पाटी घेऊन येत होती, जात होती.

त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं मी आमगावला तुमच्या घरी आले. तुम्ही स्वयंपाकघरात लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होता. मला बघून म्हणालात, ‘बरी वेळेवर आलीस, ताट घे.’ मी उभ्यानंच सगळं सांगितलं. मला आजही ते स्वयंपाकघर जसंच्या तसं दिसतं. स्टोव्ह भुरभुरतोय, झारा तुमच्या हातात तसाच, कढईतले वडे काळे पडताहेत आणि तुम्ही त्यांच्याकडे बघताय पण तुम्हाला ते दिसत नाहीत. मीच स्टोव्ह बंद केला. तुम्ही भिंतीला टेकून खाली बसलात. म्हणालात, ‘मी तासभर तिच्याजवळ बसले होते गं.’ मी म्हणाले, मलाही कळलं नाही, रोज समोर असून. तुम्ही ऐकलंच नाहीत. ‘मी तिची भाषा शोधत बसले. पोर समोर होती, तिच्याकडे बघितलंच नाही. इतकी वर्षं घरची भाषा म्हणून गळा काढते, आणि त्या घरी एकदा जाऊन विचारलं नाही.’ तुम्ही रडला नाहीत. मी रडले. मग तुम्ही उठून ते करपलेले वडे माझ्या ताटात वाढलेत. ‘खा. टाकायचे कशाला.’ ते कडू वडे मी मुकाट्यानं खाल्ले.

त्या महिन्याचं गटसंमेलन आमच्याच शाळेत होतं. संमेलनाची रीत ठरलेली. एका हुशार शिक्षकाचा आदर्श पाठ, त्यासाठी निवडून आणलेली चुणचुणीत पोरं, कोणत्या प्रश्नाला कोणी हात वर करायचा ते आदल्या दिवशी ठरलेलं, मग टाळ्या, मग चहा-पोहे. त्या दिवशी पाठ घेणारे गुरुजी रंगीत खडू घेऊन तयार होते. तुम्ही त्यांना बसायला सांगितलंत. म्हणालात, ‘आज आदर्श पाठ नाही. आज माझा फसलेला पाठ ऐका.’ आणि सगळं सांगितलंत. माझं विचारणं, तुमचं तासभर बसणं, ‘थांब’ म्हणणं, मोहाचं फूल, काहीच गाळलं नाहीत. साऱ्या केंद्राचे शिक्षक टाटपट्टीवर बसलेले, कोणाला कुठं बघावं कळेना. एक जुने गुरुजी कळवळून म्हणाले, ‘मॅडम, हे काऊन सांगून राहिल्या तुमी? वर कोणी सांगतलं त नाहक तुमच्यावर येईन.’ तुम्ही म्हणालात, ‘येऊ द्या. माझ्यावरच यायला पाहिजे.’ मला राहवलं नाही, मी उठून म्हणाले की चूक माझीही आहे. तुम्ही माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलंत. ‘खाली बस. तू विचारलं होतंस, थांब मी म्हटलं होतं. हा पाठ माझा आहे. तुझा फसलेला तू पुढच्या महिन्यात आण, तुझ्याकडे काय कमी आहेत?’ सगळे हसले, आणि त्या हसण्यानं वर्गातली हवा जरा मोकळी झाली.

मग पोरीचं काय करायचं यावर बोलणं निघालं. बहुतेकांचं मत, शहरात अशा पोरांची निवासी शाळा आहे, तिथं पाठवावं, सोय होईल. मलाही ते पटत होतं. तुम्ही म्हणालात, या वेळी आधी विचारू. आईला बोलावून घेतलंत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘इथं नाई का शिकवता येत तुमाले?’ ती पोर आपल्याच शाळेत राहिली. तुम्ही तिला गोंदियाला दवाखान्यात नेलंत, कान वाहायचे थांबले. ऐकायचं मशीन मिळालं, ते शिट्ट्या वाजवायचं, सेल संपले की आठवडेच्या आठवडे दप्तरात पडून राहायचं. खरं कामाला आलं ते तुमचं दुसरंच. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, पोरीला ओठ दिसले पाहिजेत. आणि नाही दिसले तर तिनं बोलणाऱ्याची हनुवटी धरून त्याचं तोंड स्वतःकडे फिरवावं, तिला तो हक्क आहे.

मास्तरांची हनुवटी धरायची! गावात आठवडाभर तोच विषय. पहिली पाळी मोठ्या गुरुजींचीच आली. ते भिंतीवरच्या नकाशाशी बोलत होते, ती उठली, चवड्यांवर उभी राहिली आणि गुरुजींचं तोंड आपल्याकडे फिरवलं. गुरुजींच्या गालात तंबाखूचा खर्रा. तिनं मान हलवली, कळत नाही. गुरुजी बाहेर गेले, थुंकले, चूळ भरून आले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्या दिवसापासून शाळेच्या वेळात त्यांचा खर्रा बंद झाला तो कायमचा. त्यांच्या बायकोला जे जमलं नव्हतं ते त्या पोरीनं केलं, असं तुम्ही हसून सांगायचात. मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, ही हनुवटीची युक्ती कुठल्या पुस्तकातली? तुम्ही म्हणालात, ‘आहे एका ठिकाणची.’ मला वाटलं, पुण्याच्या कुठल्याशा प्रशिक्षणातली असेल.

पुढे तुम्ही असेपर्यंत दर महिन्याला कोणाचा तरी फसलेला पाठ व्हायचा. तुम्ही निवृत्त झालात, आणि मग इतक्या लवकर गेलात की मला धड भांडायलाही मिळालं नाही. नवे साहेब आले, आदर्श पाठ परत आला, पोहेही परत आले. आता मी स्वतः प्रशिक्षण देते. पडद्यावर चित्रं दाखवते, ‘समावेशक वर्ग’ अशी मोठी अक्षरं येतात, शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो काढून मोबाईलवरून वर पाठवावा लागतो. पण दर वेळी पडदा बंद करून मी ती गोष्ट सांगतेच. ती सांगितल्याशिवाय मला बाकीचं सांगता येत नाही.

मागच्या आठवड्यात गोरेगावच्या बाजारात ती भेटली. मी वांग्यांचा भाव करत होते. बाजूला कोणी बाई उभी आहे एवढं जाणवलं, तिला ‘जरा सरका हो’ म्हणाले, वांग्यांकडेच बघत. तेवढ्यात एक हात आला आणि माझी हनुवटी धरून तोंड फिरवलं. बाई, भर बाजारात मी ओरडलेच. ती हसत होती. आता इकडेच दिली आहे, कडेवर लेक, कानात नवं छोटं मशीन. तिचं बोलणं जाड आहे, अर्धं हातानं, पण सगळं कळतं. तिनं विचारलं, ‘त्या लुनावाल्या बाई?’ मी तिच्याकडे तोंड करून सांगितलं की त्या गेल्या. मग तिनं जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. ‘त्या आल्या होत्या मोहाखाली. एकट्याच. माह्यासमोर बसल्या. काहीतरी बोलून राहिल्या होत्या, पन खाली पाहून. मले काय समजन? मंग म्या त्यायची हनुवटी धरली अन् तोंड वर केलं.’

मी विचारलं, ‘काय म्हणत होत्या?’

‘चुकलं म्हने. माफ कर म्हने.’ तिनं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. ‘रडत होत्या.’

तर हनुवटीच्या युक्तीचं ते ठिकाण हे होतं. माझ्या ताटात करपलेले वडे वाढून तुम्ही मला रवाना केलंत आणि नंतर कधीतरी, मला न सांगता, एकट्या तिच्यापुढे जाऊन बसलात. दुसरीतल्या पोरीपुढे. आणि तिच्याकडे बघवेना म्हणून मान खाली घातलीत, तर तिनं ती वर केली. वांगी घ्यायची राहूनच गेली, मी तशीच घरी आले.

आता आजचा प्रश्न. मी गोष्ट सांगून संपवली तेव्हा त्या नव्या शिक्षिकेनं हात वर केला. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. ती म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही स्वतःची चूक इतकी मोकळेपणानं सांगता. पण तुम्ही कोणाला विचारलं नव्हतं का? तुमच्या केंद्रप्रमुखांना कळलं नाही?’ मी म्हणाले, ‘नाही.’

कारण बाई, मी ती गोष्ट तशीच सांगते. पहिल्यापासून. त्या गोष्टीत तुम्ही नसताच. ‘थांब’ मीच म्हणते, तासभर मीच बसते, संमेलनात उभी राहून सगळं मीच सांगते. पहिल्यांदा सांगितली तेव्हा तुम्ही नुकत्याच गेला होतात, आणि तुमची चूक अनोळखी लोकांच्या तोंडी द्यायला माझी जीभ उचलली नाही. वाटलं, घेते आपल्या अंगावर. पण गोष्ट संपली की लोक टाळ्या वाजवतात. चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणतात, असं सांगायला फार हिंमत लागते. आणि मी मान खाली घालून ते ऐकून घेते. ते मला आवडतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझे स्वतःचे फसलेले पाठ ढीगभर आहेत, ते मी एकदाही सांगितले नाहीत. सांगितला तो तुमचा, कारण त्यात शेवट चांगला आहे.

उद्या प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस. ती नवी शिक्षिका पुढच्याच रांगेत असेल. तिला सांगायचं आहे की काल मी खोटं बोलले, की विचारलं होतं, की ज्यांना विचारलं त्या चुकल्या आणि त्यांनी ते साऱ्या केंद्रासमोर सांगितलं, आणि त्याआधी की नंतर ते मला ठाऊक नाही, पण त्या पोरीला तिच्या मोहाखाली जाऊन सांगितलं. मनात तीनदा म्हणून बघितलं. प्रत्येक वेळी सांगताना मी त्या शिक्षिकेकडे न बघता पडद्याकडे तोंड केलेलं होतं.